आयपीव्ही६ बंद केलं आणि लिनक्सवर प्रिंट निघेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिंटर टेबलावर, यूएसबीची वायर जागेवर, कागद भरलेला, तरी प्रिंट निघत नाही. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आठवतं की इंटरनेट संथ चालतंय म्हणून काल कुणाच्या तरी सांगण्यावरून आयपीव्ही६, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, बंद केलं होतं. शाळेची लॅब, वाचनालय, ओळखीतली झेरॉक्सची दुकानं अशा ठिकाणचे लिनक्स संगणक सांभाळताना हे दुखणं मला इतक्यांदा भेटलं, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

कमांड, फाइली आणि त्रुटींचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. सेटिंग बदलणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लागेल.

माझा प्रिंटर यूएसबीने जोडलेला आहे. नेटवर्कच्या प्रोटोकॉलशी त्याचा काय संबंध?

लिनक्सवर छपाईचं काम कप्स पाहतं, आणि कप्स हा मुळात एक सर्व्हर आहे. तुम्ही लिबरऑफिस रायटरमधून प्रिंटचं बटण दाबता तेव्हा रायटर थेट प्रिंटरशी बोलत नाही. तो त्याच संगणकात चालणाऱ्या कप्सकडे काम सोपवतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे रन फोल्डरातली सॉकेट फाइल, आणि दुसरी म्हणजे लोकलहोस्ट या पत्त्यावरचा ६३१ क्रमांकाचा पोर्ट. दुसरी वाट पूर्णपणे नेटवर्कची आहे. वायर संगणकाबाहेर जात नसली तरी बोलणं नेटवर्कच्या भाषेतच होतं.

लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. या नावाला दोन पत्ते आहेत: आयपीव्ही४ मधला १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ मधला ::१. आयपीव्ही४ ने या कामासाठी १२७ ने सुरू होणारे जवळजवळ १ कोटी ६८ लाख पत्ते राखून ठेवले. आयपीव्ही६ ने एकच ठेवला. तुम्ही आयपीव्ही६ सरसकट बंद करता तेव्हा तो एकुलता एक पत्ताही जातो. पण लोकलहोस्ट म्हणजे ::१ हे ज्या फाइलींमध्ये आणि सेवांमध्ये लिहिलेलं आहे, त्यांना हे कुणी कळवलेलं नसतं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

त्यात नवे प्रिंटर यूएसबीवरूनसुद्धा नेटवर्कचीच भाषा बोलतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मी नेमकं काय बंद केलं, हे आता कसं ओळखू?

हे आधी ओळखायलाच हवं, कारण ‘आयपीव्ही६ बंद केलं’ या तीन शब्दांमागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारींचे परिणाम वेगळे आहेत.

सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे नेटवर्कमॅनेजरमध्ये एका जोडणीपुरतं आयपीव्ही६ ‘डिसेबल्ड’ करणं. ही सोय १.२० या आवृत्तीपासून आहे. यात फक्त त्या वाय-फायचं किंवा केबलचं आयपीव्ही६ जातं, लूपबॅकला (संगणक ज्यावरून स्वतःशी बोलतो त्या आतल्या वाटेला) धक्का लागत नाही. तुम्ही एवढंच केलं असेल तर यूएसबी प्रिंटरच्या दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

दुसरी पद्धत सिससीटीएलची, म्हणजे चालू कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) सेटिंगं बदलणाऱ्या कमांडची. ‘नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.ऑल.डिसेबल_आयपीव्ही६’ ची किंमत १ केली की लूपबॅकसह सगळ्या इंटरफेसवरचे आयपीव्ही६ पत्ते निघून जातात. प्रोटोकॉल कर्नेलमध्ये असतो, पत्ते मात्र नसतात. अशा वेळी प्रोग्राम ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ अशी तक्रार करतात.

तिसरी पद्धत ग्रबमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘आयपीव्ही६.डिसेबल=१’ लिहिण्याची. यात कर्नेल प्रोटोकॉलच नाकारतं आणि संदेश बदलतो: ‘अ‍ॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल’. प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचली की हे तिथे दिसतं. कोणता संदेश येतो एवढ्यावरून दुसरी आणि तिसरी पद्धत वेगळी ओळखता येते, म्हणून संदेश शब्दशः टिपून घ्या.

चौथी पद्धत फायरवॉलची: आयपीसिक्सटेबल्समध्ये आत येणारं सगळं ‘ड्रॉप’ करणं. इथे पत्ते जिवंत असतात, पण त्यांच्याकडे पाठवलेलं काहीच पोचत नाही. ही पद्धत मला सगळ्यात त्रासाची वाटते. नकार मिळत नाही, प्रोग्राम नुसते वाट पाहत बसतात.

लूपबॅकची अवस्था एका कमांडमध्ये कळते: ‘आयपी -६ अ‍ॅडर शो लो’. उत्तरात ::१ दिसलं तर पत्ता शाबूत आहे. काहीच दिसलं नाही तर तो गेलेला आहे.

तपासायला सुरुवात कुठून करू?

‘एलपीस्टॅट -व्ही’ पासून. प्रत्येक प्रिंटरच्या रांगेपुढे त्याचा पत्ता छापून येतो, आणि पत्त्याच्या पहिल्या शब्दावरून अर्धं निदान होतं.

पत्ता ‘यूएसबी’ ने किंवा ‘एचपी:/यूएसबी’ ने सुरू होत असेल तर कप्स प्रिंटरशी थेट वायरवरून बोलतं. त्या टप्प्यात आयपीव्ही६ येतच नाही. शंका राहते ती फक्त प्रोग्राम ते कप्स या पहिल्या टप्प्याची. पत्ता ‘आयपीपी’, ‘डीएनएसएसडी’ किंवा ‘इम्प्लिसिटक्लास’ ने सुरू होत असेल तर दुसरा टप्पाही नेटवर्कचा आहे, भले प्रिंटर यूएसबीचा असो.

मग पहिला टप्पा तपासा. ‘एलपीस्टॅट -आर’ ने शेड्युलर चालू असल्याचं सांगितलं तर कप्स जिवंत आहे. त्यानंतर ‘एलपीस्टॅट -एच १२७.०.०.१:६३१ -आर’ करून पाहा. आधीच्या कमांडला उत्तर येतं आणि हिला येत नाही, तर सॉकेट फाइलची वाट चालू आणि पोर्टची वाट बंद आहे. ‘एसएस -एलटीएन’ मध्ये ६३१ शोधा आणि तो कोणकोणत्या पत्त्यांवर उघडा आहे ते बघून घ्या.

एक आडवाट टाळा. पुष्कळ जण ‘गेटएन्ट होस्ट्स लोकलहोस्ट’ चालवतात, ::१ असं उत्तर पाहतात आणि तिथेच दोष सापडला असं समजतात. ही कमांड आयपीव्ही६ चा पत्ता आधी विचारते, त्यामुळे ठणठणीत संगणकावरही हेच उत्तर येतं. ‘गेटएन्ट एहोस्ट्स लोकलहोस्ट’ वापरा. त्यात दोन्ही पत्ते आणि त्यांचा क्रम दिसतो.

कप्सच्या एरर लॉगमध्ये ‘[व्ही१.::१]:६३१’ या पत्त्यावर लिसन सॉकेट उघडता आलं नाही असं दिसतं. हाच दोष का?

बहुधा नाही. कप्सच्या सेटिंगमध्ये ‘लिसन लोकलहोस्ट:६३१’ अशी ओळ असते. कप्स त्या नावाचे दोन्ही पत्ते काढतं आणि दोन्हीकडे पोर्ट उघडायला जातं. आयपीव्ही६ नसलं की एक प्रयत्न फसतो, त्याची नोंद होते आणि कप्स आयपीव्ही४ वर काम चालू ठेवतं. ही शक्यता लिहिणाऱ्यांनी आधीच धरलेली आहे. कप्स-फाइल्स.कॉन्फ मध्ये ‘फेटलएरर्स’ नावाचं सेटिंग आहे, त्यात लिसनच्या चुका घातक ठरवल्या तरी लूपबॅकवरचं आयपीव्ही६ चं अपयश त्यातून वगळलेलं आहे.

ही ओळ लाल रंगात दिसते म्हणून लोक तिच्यामागे तासन्‌तास घालवतात. नकोशी वाटत असेल तर कप्सडी.कॉन्फ मध्ये लोकलहोस्टऐवजी सरळ १२७.०.०.१ लिहा आणि कप्स रीस्टार्ट करा. सॉकेट फाइलची दुसरी लिसन ओळ मात्र काढू नका, कारण बहुतेक प्रोग्राम त्याच वाटेने येतात.

कप्स सुरूच होत नाही. आता?

‘सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स.सॉकेट’ पाहा. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, काही ठिकाणी कप्ससाठी पोर्ट आधीच उघडून ठेवतं. त्या सॉकेट युनिटमध्ये कुणी ‘लिसनस्ट्रीम=[::१]:६३१’ अशी ओळ घातली असेल तर आयपीव्ही६ गेल्यावर ते युनिटच पडतं. कप्सइतकी सहनशीलता इथे नाही.

मूळ फाइलला हात न लावता ‘सिस्टमसीटीएल एडिट कप्स.सॉकेट’ करा. सॉकेट विभागात आधी एक रिकामी ‘लिसनस्ट्रीम=’ ओळ लिहा, तिने जुनी यादी पुसली जाते. तिच्याखाली हव्या त्या वाटा नव्याने लिहा. रिकामी ओळ विसरलात तर जुनी ::१ ची ओळ तशीच राहते आणि बदल करूनही काही झालं नाही असं वाटतं.

नवा ऑल-इन-वन प्रिंटर ड्रायव्हर न टाकताच चालत होता. आता प्रिंटही नाही आणि स्कॅनरही दिसत नाही.

दोन्ही एकदम गेले, ही खूण मोलाची आहे. दोघांची वाट एकच आहे: आयपीपी-यूएसबी नावाची सेवा. डेबियन ११ पासून (२०२१) ती कप्ससोबत शिफारस म्हणून येते.

नवे प्रिंटर यूएसबीच्या वायरवरून आयपीपी म्हणजे छपाईचा नेटवर्क प्रोटोकॉलच बोलतात. आयपीपी-यूएसबी त्या वायरीचं एक टोक धरते आणि दुसरीकडे लूपबॅकवर पोर्ट उघडते, ६०००० पासून पुढे. मग अवाही ही सेवा ‘या पोर्टवर अमुक प्रिंटर आहे’ अशी दवंडी पिटते. ती ऐकून कप्स रांग तयार करतं आणि स्कॅनरसाठीचं सेन-एअरस्कॅनही त्याच पोर्टवर येतं. म्हणजे प्रिंटर दोन फुटांवर, पण मधे तीन सेवा आणि एक पूर्ण नेटवर्क. त्यातली एक कडी निसटली तरी पडद्यावर दिसतं ते एकच: प्रिंटर सापडत नाही.

आधी प्रिंटर चालू ठेवून ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता ६०००० पोर्टसह उघडा. प्रिंटरचं स्वतःचं पान दिसलं तर आयपीपी-यूएसबी ठीक आहे आणि दोष अवाही किंवा कप्सकडे आहे. पान उघडलं नाही तर ‘आयपीपी-यूएसबी स्टेटस’ चालवा आणि व्हार लॉगमधल्या तिच्या फोल्डरातली नोंद वाचा. तिच्या कॉन्फिग फाइलीत नेटवर्क विभागात ‘आयपीव्ही६ = एनेबल’ अशी ओळ असते. संगणकावर आयपीव्ही६ नसणारच असेल तर ती ‘डिसेबल’ करा. अवाहीच्या कॉन्फिगमध्येही ‘यूज-आयपीव्ही६’ ला ‘नो’ करा. दोघांचं म्हणणं जुळायला हवं.

मग सेवा याच क्रमाने रीस्टार्ट करा: आधी अवाही-डीमन, मग आयपीपी-यूएसबी, शेवटी कप्स. प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावा. सिससीटीएलने आयपीव्ही६ बंद केलं जातं तेव्हा या सेवा चालूच असतात आणि जुना पत्ता धरून बसलेल्या असतात. गावच्या वाचनालयातल्या अशा एका संगणकावर मी पूर्ण दुपार कॉन्फिग फाइली वाचत बसलो होतो, आणि प्रिंट निघाली ती या क्रमाने सेवा पुन्हा सुरू केल्यावर. तेव्हापासून मी हे सगळ्यात आधी करतो.

एक सावधगिरी: त्याच प्रिंटरची जुन्या ड्रायव्हरची, यूएसबी पत्त्याची रांगही ठेवू नका. वायरचं टोक आयपीपी-यूएसबीच्या हातात असताना दुसरा ड्रायव्हर ते मागायला गेला की काम अडकतं.

होस्ट्स फाइलमधली ::१ ची ओळ काढून टाकू का?

होस्ट्स फाइल म्हणजे कोणत्या नावाचा कोणता पत्ता, याची संगणकातली यादी. लूपबॅकवर आयपीव्ही६ खरोखर बंदच राहणार असेल तर ::१ च्या ओळीपुढे हॅश लावून ती निष्क्रिय करणं योग्य. पुसू नका, पुढे मागे लागेल. पण १२७.०.०.१ लोकलहोस्ट ही ओळ जागेवर आहे ना, हे दोनदा बघा. घाईत दोन्ही ओळी उडवलेले संगणक मी पाहिले आहेत. मग छपाईसोबत डेटाबेसही आडवा होतो आणि कशामुळे काय बिघडलं ते कळत नाही.

सगळं दुरुस्त केलं, तरी प्रिंट निघत नाही!

रांग थांबलेली असेल. प्रिंटरपर्यंत पोचता आलं नाही की कप्स अनेकदा रांगच बंद करून ठेवतं, आणि कारण दूर झालं म्हणून ती आपोआप उघडत नाही. ‘एलपीस्टॅट -पी’ मध्ये प्रिंटरपुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं दिसेल. ‘कप्सएनेबल’ आणि पुढे रांगेचं नाव लिहिलं की ती सुरू होते.

पण त्याआधी साचलेली कामं बघा. प्रिंट निघत नाही म्हटल्यावर माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो. बारावीच्या हॉल तिकिटांच्या दिवसांत एका ओळखीच्या दुकानात मी रांग मोकळी केली आणि एकाच मुलीच्या हॉल तिकिटाच्या प्रती निघत राहिल्या. बाहेर पोरं ताटकळत उभी होती. ‘एलपीस्टॅट -ओ’ ने यादी बघा, नको ती कामं ‘कॅन्सल’ ने काढा, सगळीच काढायची तर ‘कॅन्सल -ए’, आणि मगच रांग उघडा.

आमच्याकडे कॅनन एलबीपी २९०० आहे. त्याला हे लागू पडतं का?

पडतं, पण वेगळ्या प्रकारे. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत आणि कार्यालयांत दिसणारा हा प्रिंटर आयपीपी बोलत नाही. कॅननच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये सीसीपीडी नावाची मधली सेवा असते, आणि रांगेचा पत्ता ‘सीसीपी’ ने सुरू होऊन लोकलहोस्टवरच्या ५९६८७ पोर्टवर जातो. म्हणजे यूएसबीचा प्रिंटर असूनही तो लोकलहोस्ट या नावावर विसंबून आहे. सीसीपीडी चालू आहे का, ५९६८७ कोणत्या पत्त्यावर उघडा आहे आणि होस्ट्स फाइलीत लोकलहोस्टपुढे १२७.०.०.१ आहे का, या तीन गोष्टी बघा.

वाय-फाय प्रिंटर होता, तोही गेला.

‘एलपीस्टॅट -व्ही’ मध्ये त्याच्या पत्त्यात ‘एफई८०’ ने सुरू होणारा चौकटी कंसातला पत्ता दिसतो का ते पाहा. दिसला तर रांग बनली तेव्हा प्रिंटर आयपीव्ही६ वर सापडला होता आणि तो पत्ता तसाच नोंदला गेला. राउटरमध्ये प्रिंटरला कायमचा आयपीव्ही४ पत्ता राखून द्या आणि ‘एलपीअ‍ॅडमिन’ ने रांगेचा पत्ता बदला. ‘.लोकल’ ने संपणारं नाव असेल तर एनएसस्विच.कॉन्फ मधली होस्ट्सची ओळ बघा: ‘एमडीएनएस४_मिनिमल’ फक्त आयपीव्ही४ चे पत्ते देतं, ‘एमडीएनएस_मिनिमल’ दोन्ही देतं. तुम्हाला पहिलं हवं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या सेवेतल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्यावर अनेकांनी ती सेवा बंद केली. त्यानंतर नेटवर्कवरच्या प्रिंटरच्या रांगा आपोआप बनत नसतील तर दोष आयपीव्ही६ ला देऊ नका. दोन्ही बदल एकाच आठवड्यात केले असतील तर नेमकं कारण ओळखणं कठीण जातं, म्हणून तारखा आठवा.

प्रिंट निघते, पण प्रिंटची खिडकी उघडायला फार वेळ लागतो.

ही फायरवॉलची खूण. पत्ता नसता तर नकार क्षणात आला असता. ::१ जिवंत आहे पण त्यावरचं सगळं ‘ड्रॉप’ होत असेल तर प्रोग्राम आधी तिकडे जातो, वाट पाहतो आणि मग आयपीव्ही४ कडे वळतो. कप्सचे स्वतःचे प्रोग्राम बऱ्यापैकी लवकर वळतात, बाकीच्यांचा भरवसा नाही. आयपीसिक्सटेबल्समध्ये ‘लो’ (म्हणजे लूपबॅक) इंटरफेसवरून येणारं सगळं स्वीकारण्याचा नियम सगळ्यात वर टाका. संगणकाने स्वतःशी बोलणं अडवून सुरक्षा वाढत नाही.

तुम्ही स्वतः कोणता उपाय सुचवाल?

लूपबॅकवर आयपीव्ही६ परत चालू करा, बाकी बंद राहू द्या. ::१ वरचं काहीही संगणकाबाहेर जात नाही. त्यामुळे इंटरनेटचा वेग, व्हीपीएनची गळती, ज्या कारणाने तुम्ही आयपीव्ही६ बंद केलं त्यातल्या कशालाच याने बाधा येत नाही. सिससीटीएल.डी मधल्या तुमच्या फाइलीत ‘ऑल’ च्या ओळीखाली ‘नेट.आयपीव्ही६.कॉन्फ.लो.डिसेबल_आयपीव्ही६ = ०’ ही ओळ लिहा. क्रम महत्त्वाचा: ‘ऑल’ नंतर ‘लो’. उलट झालं तर ‘ऑल’ ची ओळ पुन्हा सगळं बंद करते. मग ‘सिससीटीएल --सिस्टम’ चालवा आणि वर सांगितलेल्या क्रमाने सेवा रीस्टार्ट करा.

ग्रबमधून बंद केलं असेल तर मात्र हे चालणार नाही, कारण कर्नेलमध्ये प्रोटोकॉलच नाही. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलीतून ती नोंद काढा, डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-ग्रब’ करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि त्याऐवजी सिससीटीएलची पद्धत घ्या.

पण मुळात इंटरनेट संथ होतं म्हणून बंद केलं होतं.

मग बंद करण्याची गरजच नव्हती, पसंती बदलली तरी भागतं. डेबियन-उबुंटूवर ईटीसी फोल्डरात जीएआय.कॉन्फ नावाची फाइल आहे. त्यात ‘प्रिसिडन्स ::एफएफएफएफ:०:०/९६ १००’ ही ओळ हॅश लावून आधीच लिहिलेली असते. हॅश काढा. दोन्ही पत्ते असतील तेव्हा बहुतेक प्रोग्राम आधी आयपीव्ही४ वापरतील, आणि आयपीव्ही६ हाताशी राहील. जिओच्या मोबाइल नेटवर्कसारखी जाळी आयपीव्ही६ वरच उभी आहेत, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी तर ते अजिबात काढू नये.

छपाईखेरीज आणखी काय बिघडू शकतं?

एसएसएचमधून (दुसऱ्या संगणकावर दुरून काम करायच्या सोयीतून) खिडक्या दाखवणारं एक्स११ फॉरवर्डिंग अडू शकतं; एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ‘अ‍ॅड्रेसफॅमिली आयनेट’ लिहावं लागतं. पोस्टफिक्स हा ईमेलचा सर्व्हर लोकलहोस्टवर ::१ सापडत नाही म्हणून सुरू व्हायला नकार देतं; तिथे ‘आयनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४’ करा. दोन्ही दुखणी छपाईच्या दुखण्याची सख्खी भावंडं आहेत.

आमच्या कार्यालयाचा नियमच आहे की आयपीव्ही६ लूपबॅकसकट बंद हवं. मग काय करू?

मग ते अर्धवट ठेवू नका. होस्ट्स फाइलीतली ::१ ची ओळ निष्क्रिय करा, कप्समध्ये लिसनपुढे १२७.०.०.१ लिहा, क्लायंट.कॉन्फ मध्ये ‘सर्व्हरनेम लोकलहोस्ट’ अशी ओळ असेल तर ती काढा, म्हणजे प्रोग्राम सॉकेट फाइलीच्या वाटेने जातील. अवाही आणि आयपीपी-यूएसबी दोन्हींत आयपीव्ही६ नाकारा. ‘एलपीस्टॅट -व्ही’ मध्ये चौकटी कंसातला एकही पत्ता उरलेला नाही याची खात्री करा. संगणक पूर्ण बंद करून सुरू करा, आणि साध्या चाचणी पानाऐवजी एक प्रिंट नेहमीच्या प्रोग्राममधून, एक ब्राउझरमधून आणि जमलं तर एक स्कॅन, अशा तिन्ही वाटा त्याच दिवशी तपासून घ्या.